ओलं आणि गार

भाचा स्कॉटलंडला असतो. उन्हाळ्यातही १३-१४ अंशांच्या फारशा पलीकडे न जाणाऱ्या तिथल्या समुद्रात बुड्या मारायचा त्याला नाद. परवा फोनवर विचारतो, "मामा, वेटसूट घेऊ की सेमी-ड्राय?" अलिबागचा माणूस म्हणजे जन्मजात पाणबुड्या! अहो, मी ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाणारा. समुद्राशी माझा संबंध घोट्यापर्यंत.

पण मामाला मत हवंच. वाचून काढलं. वेटसूट चक्क पाणी आत घेतो! ते अंगाच्या उबेनं कोमट होतं, आणि निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब राखतात. सेमी-ड्रायमध्येही माणूस भिजतोच. फक्त गळा, मनगटं, घोटे आवळलेले, म्हणून गार पाणी सारखं खेळत नाही. ऊब हवी तर कोरडं राहायलाच हवं असं नाही, हे १९५१ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानं ओळखलं.

इथं मी अडखळलो. दुसऱ्याचं दुःख किती आत घ्यावं? शेजारचे काका गेले त्याला महिना झाला. 'काकूंना उगाच त्रास नको' म्हणत मी ठणठणीत कोरडा. आमची ही मात्र रोज जाते, रडून येते आणि येऊन आमटीला फोडणी घालते. गारठली आहे असं काही दिसत नाही.

भाच्याला म्हटलं, "सेमी-ड्राय घे. मापाचा घे, सैल असेल तर पैसे पाण्यात. चढवताना घाम फुटेल, तो फुटू दे."

संध्याकाळी ओहोटी होती. किल्ल्याकडे न जाता काकूंच्या पायरीशी चपला काढल्या. आतून हिचाच आवाज आला, "आलात? या. चहा टाकतेच आहे."