उजव्या बाजूचा परूशी

काही पापे अशी असतात की ती करीत असताना आपण पुण्यच करीत आहोत असे माणसाला वाटत असते. अशाच एका पापाविषयी येथे लिहावयाचे आहे. ते महामार्गावर घडले, आणि घडले त्या क्षणी माझ्या गाडीच्या वेगात कोणाही पोलिसाला खोट काढता आली नसती.

दौंडला एका आप्ताच्या अंत्यविधीसाठी आम्ही गेलो होतो. मिस्सा आणि दफनविधी आटोपून सायंकाळी शिरूरला परतत होतो. दौंडहून पाटसला येऊन पुणे-सोलापूर महामार्ग धरावयाचा, वरवंड मागे टाकून चौफुल्याला उजवीकडे वळावयाचे आणि केडगाव, पारगाव, न्हावरे करीत शिरूर गाठावयाचे, हा आमचा नेहमीचा रस्ता. उसाच्या गळिताचे दिवस होते. पाटस सोडल्यावर मी गाडी दुभाजकालगतच्या उजव्या मार्गिकेत घेतली आणि तेथेच ठेवली. वेगाचा काटा फलकावरील आकड्यावर स्थिर होता.

थोड्याच वेळात मागून एक मोटार आली. डिपर देऊ लागली, हॉर्न वाजवू लागली. डावी मार्गिका तेव्हा मोकळी होती. पत्नी म्हणाली, "अहो, साइड द्या ना त्याला." मी म्हणालो, "कशाला द्यायची? मी मर्यादेनेच चाललोय. याहून जोरात जायचा त्याला हक्कच नाही." आणि मी हललो नाही. खरे सांगावयाचे तर त्या न हलण्यात एक गोडी होती.

मैल-दीड मैल हे असेच चालले. अखेर ती मोटार संतापाने डावीकडून पुढे घुसली. तेवढ्यात डाव्या कडेने दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल चालली होती. मोटारीला चुकविण्यासाठी ती कडेच्या मातीत उतरली, घसरली आणि आडवी झाली. मोटार निघून गेली. मी गाडी थांबवून धावलो. देवाची कृपा, दूधवाल्याचे केवळ कोपर खरचटले होते. दूध मात्र सारे मातीत गेले होते. मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो, तेव्हा तोच मला समजावू लागला, "तुमचं काय चुकलं साहेब? तुम्ही तर तुमच्या लायनीत होता."

त्याने मला निर्दोष ठरविले. परंतु ते निर्दोषत्व मला त्या दिवसापासून आजवर पचलेले नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने वेगाची मर्यादा घातली आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर आणि मालवाहू वाहनाला ८० ही कमाल मर्यादा आहे. राज्य सरकार ती आणखी खाली आणू शकते. मागचा मनुष्य ही मर्यादा ओलांडू पाहत होता, हे खरेच. परंतु त्याच कायद्याखाली १९८९ मध्ये केलेल्या आणि २०१७ मध्ये नव्याने मांडलेल्या वाहतूक-नियमांचे सूत्र असे की, वाहन शक्य तितके डावीकडून चालवावे, पुढील वाहनाला उजवीकडून ओलांडावे, आणि ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये वा अडथळा करू नये. म्हणजे मी एक नियम पाळत होतो आणि दुसरा मोडत होतो. पाळलेल्या नियमाचा फलक मला दिसत होता. मोडलेल्या नियमाचा फलक मात्र माझ्या आरशात लुकलुकत होता, आणि मी तिकडे पाहण्याचे नाकारीत होतो.

उजवी मार्गिका ही उसनी जागा आहे. पुढच्याला ओलांडण्यापुरती ती घ्यावयाची आणि परत करावयाची. वेगमर्यादा म्हणजे त्या जागेचा मालकी हक्क नव्हे. ती वरची सीमा आहे. तिच्या आत राहिलो म्हणून रस्त्यावरील बाकीची सारी कर्तव्ये फिटली असे होत नाही.

येथे कोणी विचारील की, डावीकडून जावयाचे की उजवीकडून हा काय नीतीचा प्रश्न आहे? आपल्याकडे डावी बाजू, युरोपात बहुतेक ठिकाणी उजवी. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी साऱ्या देशाची बाजू एका दिवसात बदलली. ज्या गोष्टी अशा बदलता येतात त्यांत पाप-पुण्य कोठून येणार? संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते कायदा म्हणजे समाजाची काळजी वाहणाऱ्याने सर्वांच्या हितासाठी घालून दिलेली व जाहीर केलेली विवेकाची व्यवस्था. डावी बाजू स्वभावतः पवित्र नाही. परंतु शेजाऱ्याचा जीव पवित्र आहे, आणि तो राखण्यासाठी सर्वांनी मिळून एक बाजू ठरविली की ती पाळणे हे प्रीतीचेच काम होते.

ख्रिस्तसभेनेही या विषयाकडे काणाडोळा केलेला नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षेत, मद्याच्या अमलाखाली वा वेगाच्या हव्यासापायी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर अपराधी ठरतो, असे पाचव्या आज्ञेच्या विवेचनात सांगितले आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या एका परिषदेने रस्त्यावरील मेषपालीय सेवेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. गाडी हे सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये आणि रस्त्यावर दुर्बलाचे रक्षण करावे, असा त्यांतील दोन आज्ञांचा आशय आहे. पहिली वाचताना मला तो मोटारवाला आठवला. दुसरी वाचताना दूधवाला आठवला. मग पहिली पुन्हा वाचली आणि मी स्वतःच आठवलो. संथ चालूनही सत्ता गाजविता येते.

मागच्या मोटारवाल्याचा दोष यामुळे तसूभरही कमी होत नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. पन्नास किलोमीटरचे अंतर ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापले तर वाचतात साडेसात मिनिटे. मात्र धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो दीडपटीहून अधिक होतो. साडेसात मिनिटे मोटारवाल्याच्या पदरात पडतात, त्यांची किंमत बहुधा दुसराच कोणीतरी भरतो.

मग अशा माणसाला वाट देणे म्हणजे त्याच्या पापात भागीदार होणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याचा हेतू माझा नाही, त्याच्या वेगाला माझी संमती नाही. मी केवळ स्वतःची नसलेली जागा सोडतो. त्याला अडविण्याचा अधिकार समाजाने पोलिसांना दिला आहे, मला नाही. शिवाय त्या मोटारीत कोण होते हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित एखादा उन्मत्त तरुण असेल, कदाचित मरणोन्मुख आईकडे धावणारा मुलगा असेल. न्याय करावयास बसलो तेव्हा मी एवढीही चौकशी केली नव्हती.

आमच्या भागातील रस्त्यांची अडचण मी जाणतो. पुणे-अहिल्यानगर रस्ता असो की सोलापूर रस्ता, डाव्या कडेला काय नसते? उभे ट्रक, हातगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, पुढचे वळण लांब पडते म्हणून उलट दिशेने येणारी दुचाकी. म्हणूनच जड वाहनेही उजवी बाजू धरून बसतात, आणि त्यांना ओलांडणारे डावीकडून घुसतात. हा दोष रस्ता आखणाऱ्यांचाही आहे, कडेला गाडी लावणाऱ्यांचाही आहे. डावी बाजू भरलेली असेल तेव्हा मागच्याच्या हॉर्नने घाबरून दुचाकीवाल्याच्या अंगावर जाणे हेही पापच. तेव्हा मागच्याने थांबलेच पाहिजे. परंतु त्या सायंकाळी डावी बाजू कितीतरी वेळ मोकळी होती. मला अडचण नव्हती, अहंकार होता.

शुभवर्तमानातील परूशी मंदिरात उभा राहून आपण पाळलेल्या नियमांची यादी देवापुढे वाचतो. ती यादी खोटी नव्हती. त्याचा दोष एवढाच की नियमांच्या उंचीवरून तो मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहत होता. माझ्याजवळ मंदिर नव्हते, आरसा होता. आम्ही दोघे आपापल्या न्यायाने भांडत होतो आणि ज्याचे भांडणच नव्हते तो तिसरा मातीत पडला. घरातील, शेताच्या बांधावरील, धर्मग्रामाच्या सभेतील किती भांडणांत असेच घडत असेल!

त्या दिवशी दुधाचे पैसे मी दूधवाल्याच्या हातात बळेच ठेवले. पुढे चौफुल्याला वळून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पुढच्याला ओलांडावयाचे तर समोरून येणाऱ्याच्याच बाजूत शिरावे लागते. समोरच्याने थोडे सांभाळून घेतले तरच आपण सुखरूप परततो. त्या रात्री असे कितीतरी अनोळखी दिवे माझ्यासाठी मंद झाले, किंचित कडेला सरले. त्यांच्यापैकी कोणीही मला, तुझा हक्क काय, असे विचारले नाही.

आता गाडी चालविताना मी मर्यादा पूर्वीसारखीच पाळतो. आरशात मात्र अधिक वेळा पाहतो. मागे दिवा लुकलुकला की आधी डावीकडे नजर टाकतो, दूधवाला नाही ना याची खात्री करतो, आणि बाजूला होतो.