वेशीबाहेर



आजचे पहिले वाचन आणि शुभवर्तमान, दोन्ही कुष्ठरोग्याविषयी आहेत. लेवीयच्या पुस्तकातील नियम कडक आहे. अशा माणसाने फाटकी वस्त्रे घालावीत, आपण अशुद्ध आहोत असे ओरडत फिरावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र असाच एक जण येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. येशू नुसत्या शब्दाने त्याला बरे करू शकला असता, पण तो अगोदर हात लावतो. शेवटी काय होते पाहा. बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि येशूलाच उघडपणे गावात जाता येत नाही, त्याला बाहेर निर्जन जागी राहावे लागते. दोघांच्या जागांची अदलाबदल झाली.

गेल्या महिन्यात आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही एका घरी गेलो होतो. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माउलीने विचारले, "फादर, माझं काय चुकलं?" सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती, गुणही बरे मिळाले होते. त्या खाटेशी मात्र आम्ही एवढेच म्हणालो, "दुःख प्रभूला अर्पण करा." ती गप्प झाली. उत्तर चुकीचे नव्हते. पण आम्ही ते उभ्याउभ्याच दिले, स्कूटरची किल्ली हातात होती आणि पुढे आणखी चार घरे होती.

त्या रात्री आम्हाला मोलोकाईचे फादर डेमियन आठवले. बेल्जियममध्ये 1840 साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. हवाई बेटांवरील कुष्ठरोग्यांना सरकार मोलोकाईच्या एका कोपऱ्यात नेऊन सोडत असे. एका बाजूला उंच कडा, बाकी सगळीकडे समुद्र. 10 मे 1873 रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फादर तेथे उतरले. त्यांनी घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, थडगी खणली. त्यांच्यापाशी पापनिवेदन ऐकायला दुसरा धर्मगुरू नसे. एकदा वरिष्ठांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही, तेव्हा त्यांनी होडीतून आपली पापे सर्वांदेखत ओरडून सांगितली, असे म्हणतात.

मोलोकाईला आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी भावाला पत्रात कळवले, की प्रवचनात ते भाविकांना 'बंधूंनो' म्हणत नाहीत, स्वतःलाही कुष्ठरोग्यांत धरून बोलतात. तेव्हा त्यांना रोग झालेला नव्हता. आपल्या मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' समोरच्याला बाहेर ठेवते. फादर म्हणत होते ते 'आपण'. पुढे 1884 साली त्यांचे पाय कढत पाण्याने भाजले आणि त्यांना काहीच जाणवले नाही. रोगाची खूण पटली. 15 एप्रिल 1889 रोजी ते आपल्या माणसांत वारले. 2009 साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

आज कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, ही देवाचीच कृपा. दुःख दूर करता येत असेल तर ते केलेच पाहिजे, त्याला धर्माच्या नावाने जपून ठेवू नये. पण जे दूर होत नाही त्याचे काय? जन्मांधाविषयी शिष्यांनी येशूला, पाप कोणाचे, असे विचारले होते. त्याचेही नाही, आईबापांचेही नाही, असे येशूने सांगितले. म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानात होते आणि आम्ही ते न देताच निघालो. संत पौल आपली दुःखे ख्रिस्तसभेसाठी सोसतो, पण ते तो तुरुंगातून लिहितो. अर्पण करणे हा सोसणाऱ्याचा अधिकार आहे. धडधाकट माणसाने ते औषधासारखे लिहून देऊ नये. आपण फक्त खाटेजवळ बसावे, कारण वेशीबाहेर राहिलेला प्रभू तेथे आपल्या अगोदर पोहोचलेला असतो. क्रुसावर तो शहराबाहेरच मेला.

येत्या पहिल्या शुक्रवारी त्या घरी आम्ही सर्वांत शेवटी जाणार आहोत, म्हणजे घाई राहणार नाही. खुर्ची मागून घेऊ. तिचे काहीच चुकलेले नाही, हे अगोदर सांगायचे आहे.