अनफिट आणि फिट यांच्या मध्ये

कामगार तीन-चार महिने मेडिकलवर राहिला की कंपनीत सगळे एकच विचारतात: कधी येणार? टाइम ऑफिस विचारतं, सुपरवायझर विचारतो, एचआरही विचारतं. विचारणं साहजिक आहे. मशीन थांबवता येत नाही, त्याच्या जागी बदली माणूस घ्यायचा का हे ठरवावं लागतं. पण या विचारण्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की माणूस एक तर आजारी असतो नाही तर बरा असतो, आणि अमुक तारखेला तो इकडून तिकडे जातो. तापाला हे लागू पडतं. क्षय, कर्करोग, हृदयविकार, मणक्याचं दुखणं, नैराश्य यांतून माणूस असा एका तारखेला उठत नाही. तो आधी दोन तासांपुरता बरा होतो, मग अर्ध्या दिवसापुरता. या मधल्या काळाला आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जागाच नाही, आणि माझ्या मते दीर्घ आजारात नोकऱ्या जातात त्या बऱ्याचदा इथेच.

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपवर एक चाळिशीचा ऑपरेटर आहे. मणक्याची चकती सरकली, ऑपरेशन झालं. पगार महिना 21,000 रुपयांच्या आतला, म्हणून त्याला ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजना लागू. मालकाची 3.25 टक्के आणि त्याची स्वतःची 0.75 टक्के वर्गणी दर महिन्याला जाते, तिच्यातून त्याला वर्षात 91 दिवसांपर्यंत रोजच्या पगाराच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. चकती सरकणं हे दीर्घ आजारांच्या 34 नावांच्या यादीत आहे, त्यामुळे नोकरीची दोन वर्षं आणि वर्गणीचे दिवस भरलेले असतील तर त्यानंतर 80 टक्के दराने 124 दिवस मिळतात. गरज पडली तर ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. भत्ता चालू असताना त्याला कामावरून काढायला 1948च्या मूळ कायद्यातच मनाई होती. ही व्यवस्था मोलाची आहे. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटत्या राहिल्या आहेत.

अडतं ते चौथ्या महिन्यात. डॉक्टर तपासतात आणि कागदावर लिहितात, हलकं काम द्यावं, जड उचलू नये. तो कागद घेऊन माणूस गेटवर येतो. टाइम ऑफिस सांगतं, "लाइट काम आपल्याकडे नाही. फुल फिट लिहून आण." तो परत दवाखान्यात जातो. आता डॉक्टरांपुढे दोनच वाटा. रजा वाढवली तर माणूस आणखी महिनाभर घरात पडून राहणार, अंग आखडणार, कामाची सवय मोडणार, आणि आपल्याशिवाय लाइन चालते आहे हे रोज मनाला टोचणार. फिट लिहून दिलं तर तो दुसऱ्या दिवशी आठ तास वाकून ब्लँक उचलणार आणि पुन्हा कंबर धरून बसणार. कुणीही नियम मोडलेला नसतो, तरी माणसाचं नुकसान होतं.

भत्त्याची आखणीही याला हातभार लावते. तो दिवसावर मिळतो, आणि ज्या दिवशी काम केलं त्या दिवशी मिळत नाही. चार तास येऊन बघतो म्हटलं तर त्या दिवसाचा भत्ता बुडतो आणि मालक पगार देईल तो चार तासांचाच. मग येईल कोण?

जर्मनीत हे कोडं सोडवलेलं आहे, आणि तेही अगदी सरळ. तिथे हळूहळू कामावर परतणारा माणूस कागदोपत्री आजारीच राहतो आणि आजारविम्याचे पैसे त्याला चालू राहतात. डॉक्टर, कामगार आणि मालक मिळून ठरवतात: पहिले काही आठवडे दोन तास, मग चार, मग सहा. वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या प्रत्येक कामगाराला मालकाने परतीबाबत बोलणी करण्याचा प्रस्ताव द्यायचाच, असं कायदा सांगतो. ती स्वीकारायची की नाही हे कामगाराने ठरवायचं. नेदरलँड्समध्ये तर दोन वर्षं किमान 70 टक्के पगार मालकालाच द्यावा लागतो. म्हणूनच तिथे साधारण सहाव्या आठवड्यात अडचणीची तपासणी आणि आठव्यात परतीचा लेखी आराखडा तयार असतो. ब्रिटनमध्ये 2010पासून डॉक्टरांच्या दाखल्यावर तिसरा पर्याय छापलेला आहे: अमुक बदल केले तर हा माणूस काम करू शकेल.

त्या देशांइतका पैसा आपल्या विमा योजनेत नाही, हे मान्य. पण सहाव्या आठवड्यात फोन करायला पैसा लागत नाही. फोनवर "कधी येणार" याऐवजी "काय जमतंय" हे विचारायचं. किती वेळ उभं राहता येतं, किती किलो उचलता येतं, बसून किती वेळ काढता येतो, रात्रपाळी झेपेल का. आजाराचं नाव मालकाला कळण्याची गरजच नाही, विशेषतः आजार मनाचा असेल तर. भोसरीच्या त्या ऑपरेटरला गेज घेऊन बसून पार्ट तपासता येतील, टूल रूमच्या नोंदी ठेवता येतील, नव्या पोरांना डाय सेटिंग दाखवता येईल. पंधरा वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला डायचा आवाज बदलला की कळतं. ही जाण उचलायला कंबर लागत नाही. सहा-आठ आठवड्यांचं असं काम बहुतेक प्रेस शॉपमध्ये निघतं. ते शोधायला कुणी बसलेलं नसतं एवढंच.

कायद्याला ही दिशा परकी नाही. केंद्राच्या निमलष्करी दलातले एक कॉन्स्टेबल, कुणाल सिंग, सेवेत असताना पाय गमावून बसले आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. 2003मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सेवेत अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, ही तरतूद अपंगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यातही कायम आहे. कायमचं गमावलेल्याला हे संरक्षण मिळतं. जो सावरतो आहे, ज्याला फक्त चार महिने सवलत हवी आहे, तो मात्र त्यात बसत नाही. उलट सततच्या आजारपणामुळे काढलेला कामगार 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कपाती'च्या व्याख्येतून वगळलेला होता, म्हणजे कपातीची भरपाईही त्याला नव्हती.

बारा माणसांच्या वर्कशॉपला हे कठीण जाईल, हे मी नाकारत नाही. तिथे एक माणूस अर्धा दिवस आला तर उरलेल्या अर्ध्याचं करायचं काय, हा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच त्या अर्ध्या दिवसाचा भत्ता ईएसआयने द्यायला हवा. वर्गणी गोळा करणारी, दवाखाने असणारी, डॉक्टर असणारी यंत्रणा तीच आहे.

सगळ्यात वाईट अवस्था कंत्राटी कामगाराची. तो आजारी पडला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाठवतो, आणि पहिल्याचा नंबर पुन्हा लागत नाही. सहाव्या आठवड्यात फोन करायला त्याचं तिथे कुणी उरलेलंच नसतं. मूळ कंपनीने ठेकेदाराशी करार करतानाच आजारी माणसाची जागा किती महिने राखायची आणि त्याला परत घेण्याची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी लिहून घ्यायला हवं.