कुणाच्या लेकरासाठी?

भारतात देवीची लस लागू पडलेलं पहिलं माणूस म्हणजे मुंबईतली तीन वर्षांची एक मुलगी. नाव ॲना डस्टहॉल, तारीख १४ जून १८०२. एडवर्ड जेन्नरने इंग्लंडात पहिल्या मुलाला टोचलं ते १७९६ साली. मधली सहा वर्षं गेली ती मुख्यतः उन्हापायी. गायीच्या देवीचा द्राव वाळवून पाठवला, की समुद्रावरच्या लांबच्या प्रवासात तो निकामी व्हायचा. अखेर बगदाद-बसऱ्याच्या वाटेने तो मुंबईत जिवंत पोचला आणि ॲनाच्या दंडावर फोड आला. आठवड्याभराने त्याच फोडातला द्राव घेऊन मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून लस हैदराबाद, मद्रास, म्हैसूरकडे गेली. मुलगी स्वभावाने फार गोड होती, एवढं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. बाकी तिच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली, तीही अशीच. जहाजावर बावीस अनाथ मुलगे चढवले. दर काही दिवसांनी दोघांना टोचायचं, त्यांचे फोड भरले की पुढच्या दोघांना. लस टिकवायची तर ती कुणाच्या तरी अंगावर चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी अनाथ पोरंच निवडली गेली, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

लसीकरणाचा इतिहास सांगताना हा काळ बहुतेक जण झपाट्याने ओलांडतात. मला मात्र पुढचे सगळे वाद इथेच सुरू झालेले दिसतात. माझ्या पोराला संरक्षण मिळालं ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या दंडातून, हे तेव्हा डोळ्यांना दिसत होतं. आणि घेतलेलं परत करायची वेळही ठरलेली होती. टोचल्यानंतर आठव्या दिवसाच्या सुमारास मूल पुन्हा आणायचं, भरलेला फोड टोकदार सुरीने उघडायचा आणि त्यातला द्राव रांगेतल्या पुढच्या मुलाला द्यायचा. आपल्याकडे खूप आया टोचून घ्यायला यायच्या आणि आठव्या दिवशी फिरकायच्या नाहीत. पोरगं रडतं, अशक्त होतं, त्याच्या अंगातलं का काढून द्यायचं? शिवाय हा द्राव कोणत्या जातीच्या पोराच्या दंडातला, हा प्रश्न होताच. सरकारी अहवालांत याला अडाणीपणा म्हटलंय. पण उपदंशासारखा रोग या मार्गाने एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेल्याची उदाहरणं युरोपात नोंदली गेली होती. खुद्द इंग्लंडात या हस्तांतराला १८९८ साली बंदी आली. जातीचा विटाळ बाजूला ठेवला तरी आयांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती.

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लहान मुलांना देवी टोचणं सक्तीचं झालं. पुढे दंडातून दंडात द्यायची पद्धत मागे पडली आणि वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत पुढे गांधीजीही होते. तरी बदल सोयीचा होता, सुरक्षितही होता. मात्र त्यामुळे दुसऱ्याचं मूल चित्रातून गेलं. आता उरली एक बाटली, एक सुई आणि आपलं पोर. लस ही ज्याची त्याने घ्यायची किंवा नाकारायची खासगी वस्तू आहे, ही समजूत त्या बाटलीबरोबर आली असावी.

प्लेगच्या वेळी ही समजूत आणखी घट्ट झाली. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःला लस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचे रोगी हुडकायला सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत होते आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. लोकांच्या मनात टोचणी आणि झडती एकाच सरकारच्या नावावर जमा झाली. मग १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवालला हाफकिनच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिनवरचा ठपका पुसला जायला कित्येक वर्षं गेली.

दुसऱ्याचं मूल परत आलं ते गणितातून. टॉपली आणि विल्सन या इंग्रज संशोधकांनी १९२३ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की एकट्या प्राण्याची प्रतिकारशक्ती आणि कळपाची प्रतिकारशक्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुरेसे प्राणी रोगाला दाद देईनासे झाले, की उरलेल्यांपर्यंत पोचायला रोगाला वाटच राहत नाही.

देवीच्या उच्चाटनात या विचाराला एक अनपेक्षित वळण मिळालं. सरसकट सगळ्यांना टोचा, असा आधी आग्रह होता. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात डॉक्टर विल्यम फेगी यांच्याकडे तेवढी लस नव्हती. म्हणून त्यांनी रोगी हुडकले आणि फक्त त्यांच्याभोवतीच्या माणसांना टोचलं. साथ आटोपली. गंमत अशी, की रोगी शोधा, वेगळा ठेवा, संपर्कातल्यांवर नजर ठेवा, ही रीत इंग्लंडातल्या लेस्टर शहराने एकोणिसाव्या शतकातच चालवली होती, आणि लेस्टर हा लसविरोधकांचा बालेकिल्ला होता! भारतात हीच रीत घरोघर गेली. देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड हातात घेऊन माणसं बाजारात, शाळांत विचारत फिरली. रोगी कमी होत गेले तशी खबर देणाऱ्याच्या बक्षिसाची रक्कम वाढत हजार रुपयांवर गेली. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. पुढे देवी टोचणंही थांबलं. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या दंडावर आज देवीच्या लसीचा गोल वण दिसणार नाही.

पोलिओच्या थेंबांत तर दंडातून दंडात जाणारी लस वेगळ्या वाटेने परतली. थेंबांतला दुबळा केलेला विषाणू जिवंत असतो. तो मुलाच्या आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि जिथे गटार उघडं आहे तिथे थेंब न घेतलेल्या शेजारच्या पोरापर्यंतही पोचतो. न विचारता, न कळत त्यालाही लस मिळते. क्वचित मात्र हाच विषाणू पुन्हा बळावून लुळेपणा आणतो. म्हणून २०१६ साली भारताने विषाणूच्या तीन प्रकारांपैकी एक थेंबांतून काढला. त्याआधीच्या वीस वर्षांत पोलिओ रविवारी बूथ, करंगळीला शाई, दारावर खडूची खूण हे घराघराच्या सवयीचं झालं होतं. तेव्हा आया कर्मचाऱ्यांना विचारायच्या, आमच्या पोराने इतक्या वेळा डोस घेतलाय, पुन्हा कशाला? प्रामाणिक उत्तर असं, की हा डोस बराचसा तुमच्या पोरासाठी नाहीच. माझ्या मते ते असंच सांगायला हवं होतं. बाळाच्या भल्यासाठी, एवढंच बोलून काम भागवलं, की एके दिवशी आई हिशोब करते, रोग तर दिसत नाही, ताप मात्र येतो, आणि डोस चुकवते. तिचा हिशोब तिच्या घरापुरता बरोबरही असतो.

गोवराला असा हिशोब चालत नाही. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना लस मिळाल्याखेरीज तो अडत नाही. पहिला डोस नवव्या महिन्यात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीला नीट काम करू देत नाहीत, आणि तीच प्रतिपिंडं ओसरत चाललेली असल्याने रोगापासूनही पुरतं वाचवत नाहीत. या मधल्या महिन्यांत बाळाचं संरक्षण बरंचसं शेजारपाजारच्या मोठ्या मुलांवर असतं.

२०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईत, गोवंडीच्या आसपासच्या वस्त्यांत गोवर पसरला. कोविडच्या काळात कित्येक मुलांचे डोस राहिले होते. नऊ महिन्यांखालची बाळं जिथे मोठ्या प्रमाणात आजारी पडू लागली, तिथे सहा महिन्यांपासूनच टोचायचं ठरलं. या जादा डोसाला आरोग्य खात्यात शून्य मात्रा म्हणतात, कारण नेहमीच्या वेळापत्रकात तो धरत नाहीत. सहाव्या महिन्यात टोचून झालेल्या बाळाला नवव्या महिन्यात पुन्हा आणावं लागतं, सोळाव्यानंतर आणखी एकदा. गल्लीतल्या मोठ्या पोरांचे राहून गेलेले डोस असे त्या बाळाच्या दंडावर येतात.