ममतेच्या पुढची पायरी



आजचं चिंतन गीतेच्या 5 व्या अध्यायातल्या 18 व्या श्लोकावर. भगवंत इथे ज्ञानी माणसाची खूण सांगतात. विद्वान आणि विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समान दृष्टीने बघतो.

हा श्लोक आपण पटकन वाचून पुढे जातो. पण त्या यादीतला 'कुत्रा' गेल्या महिन्यात थेट आमच्या घरात येऊन बसला.

आमचा बंड्या म्हणजे साधा गावठी कुत्रा, चार वर्षांचा. संध्याकाळी फिरायला नेलेलं असताना एक स्कूटर त्याला उडवून निघून गेली. एक्स-रे काढला, तर मागच्या पायाचं मांडीचं हाड मधोमध तुटलेलं. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. प्लेट आणि स्क्रू घालून हाड जोडायचं, नाहीतर पाय काढायचा. तीन पायांवरही कुत्री छान जगतात, हे त्यांनी नीट समजावलं. प्लेटचा मार्ग धरला तर रक्ततपासणी, भूल, ऑपरेशन, औषधं असं सगळं मिळून 52,000 रुपये. घरात साधारण तेवढेच पैसे बाजूला ठेवलेले होते, पण ते आई-बाबांच्या काशीयात्रेचे.

आई लगेच म्हणाली, "काशी काय पळून जातेय का? आधी त्याचा पाय बघ." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कर ऑपरेशन. पण एवढ्या पैशात एखाद्या पोराची वर्षाची फी भरली गेली असती रे."

ऑपरेशन झालं. बाबांचं वाक्य मात्र माझ्याबरोबर राहिलं. ते घेऊनच मी पुन्हा या श्लोकापाशी आलो.

आपल्याकडे प्राण्यांच्या तीन गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. काशीहून रामेश्वरला न्यायची गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आणि महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला.

आता एक गोष्ट बघा. या तिघांपैकी एकही प्राणी त्यांचा पाळलेला नव्हता! गाढव वाटेवरचं, नामदेवांचा कुत्रा तर चोरच, आणि युधिष्ठिराचा कुत्रा आपणहून मागे चालत आलेला. तो साक्षात धर्म आहे हे युधिष्ठिराला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर परीक्षा कसली?

बंड्यासाठी मी पैसे भरले ती ममता. तो माझा आहे, म्हणून हात आखडला नाही. ममता वाईट नाही हं! जो आपल्या भरवशावर जगतो त्याला सांभाळणं हा आपला धर्मच. पण भगवंत या श्लोकात ममतेबद्दल बोलत नाहीत, समतेबद्दल बोलतात. 'माझा' हा शब्द गळून पडला तरी जे प्रेम उरतं, ती समता. म्हणूनच बाबांचं वाक्य बंड्याच्या विरोधात नव्हतं. फी न भरता आलेलं ते पोरही त्याच श्लोकाच्या ओळीत उभं आहे, एवढंच ते सांगत होते.

समान दृष्टी म्हणजे सगळ्यांवर सारखाच खर्च, असं मात्र नाही. तुमच्याकडे प्लेटचे पैसे नसतील आणि पाय काढायचा निर्णय घ्यावा लागला, तर तुमचं प्रेम तसूभरही कमी ठरत नाही. खर्च किती येईल, स्वस्त पर्याय कोणता, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. मुंबईत परळला जनावरांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, तशी धर्मादाय ठिकाणं आपल्या शहरात कुठे आहेत ते आधीच शोधून ठेवा. आणि घाबरून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

बंड्या आता पट्ट्याला धरून दहा-दहा मिनिटं चालतो. उड्या आणि जिना अजून बंद. काशी पुढच्या वर्षी. घरात मात्र एक नवा डबा आलाय. महिन्याला 1,000 रुपये त्यात पडतात. निम्मे बंड्याच्या पुढच्या औषधपाण्याचे, निम्मे ज्याचं कुणी नाही त्याचे, मग ते रस्त्यावरचं पिल्लू असो की फीसाठी अडलेलं पोर. पहिली नोट बाबांनी टाकली.

आजचा अभ्यास: आज जो जीव 'माझा' नाही, अशा एकासाठी काहीतरी करा. पाण्याचं एक भांडं दाराबाहेर ठेवलंत तरी चालेल.

प्रार्थना: देवा, ममता तू न मागता दिलीस. आता तिला 'माझं'च्या उंबऱ्याबाहेर चालायला शिकव.

राम कृष्ण हरी!