बहात्तर की एकोणसत्तर?

(भाची सरकारी रुग्णालयात बुद्धिमापनाचं काम करते. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आहे. बोलणं निघालं ते एका नऊ वर्षांच्या मुलाच्या अहवालावरून.)

भाची : अहवाल उद्या द्यायचाय. बुद्ध्यांक आलाय 72. सत्तरच्या खाली असता तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं असतं. 2016 च्या कायद्यानं सवलतींना चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि सत्तरच्या वर गेलं की ती भरत नाही. त्याची आई म्हणाली, “मॅडम, दोन-तीन आकड्यांचाच तर प्रश्न आहे. तुमच्याच हातात आहे.”

आत्या : आहे का खरंच तुझ्या हातात?

भाची : आहे. हिशेब बघ. कामत चाचणीत या वयाच्या मुलांसाठी दर वर्षाला सहा-सहा प्रश्न असतात आणि बरोबर उत्तराला दोन महिने मिळतात. पाच वर्षांपर्यंतचं सगळं त्याला आलं, म्हणजे साठ महिने. त्यापुढचे नऊ प्रश्न आले, त्यांचे अठरा. मानसिक वय झालं 78 महिने, खरं वय 108. भागाकार करून शंभरानं गुणलं की 72. पण त्या नऊपैकी दोन उत्तरं बरोबर धरावीत की चूक, यावर मीच घुटमळले होते. दोन्ही चूक धरली तर 74 महिने, बुद्ध्यांक 69.

आत्या : अशी काय उत्तरं दिली त्यानं?

भाची : खरा प्रश्न सांगत नाही, ते फुटून चालत नाहीत. पण समज मी विचारलं, कुऱ्हाड आणि कोयता यांत सारखं काय? तो म्हणाला, “कुऱ्हाडीनं ओंडका फोडायचा, कोयत्यानं शेळ्यांना पाला तोडायचा.” मला हवं होतं ‘दोन्ही अवजारं आहेत’. तो सांगत होता कामं. आता ‘दोन्ही तोडायला लागतात’ हे त्याला कळलंय की नाही?

आत्या : कळल्याशिवाय दोन्ही कामं बरोबर सांगितली होय? अगं, चौदा शेळ्यांतली कुठली मागे राहिली ते न मोजता सांगतो म्हणालीस ना तू? त्याला मतिमंद ठरवायचं का नाही, हे ‘अवजार’ या शब्दावर अडलंय?

भाची : हा वाद जुना आहे. लायबेरियात क्पेले नावाचा समाज आहे. तिथे संशोधकांनी वस्तूंचे गट पाडायला सांगितले. लोकांनी सुरी कंदाशेजारी ठेवली, कारण सुरीनं कंद कापतात. शहाणा माणूस असंच लावेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी विचारलं, मग मूर्ख माणूस कसं लावेल? तर त्यांनी पटापट खाण्याच्या वस्तू एकीकडे, हत्यारं दुसरीकडे, भांडी तिसरीकडे लावून दाखवली. आमच्या चाचणीला हवं होतं तसंच.

आत्या : मग झालं की! तुम्ही मोजता ती बुद्धी नाहीच. तुम्हाला हव्या त्या पद्धतीनं बोलण्याची सवय मोजता.

भाची : इतकं सरळ नाही ते. क्पेले लोकांना दोन्ही पद्धती येत होत्या. या पोराला एकच येते. आकडे उलटे म्हणायला सांगितले तर तीन आकड्यांवर अडखळला. चौथीत बसतो आणि जोडाक्षर वाचता येत नाही. याच्याशी शेळ्यांचा संबंध नाही. एका प्रकारच्या कामात जो अडतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारच्या कामातही अडतो, हे 1904 साली स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं आणि ते आजवर टिकलंय. काहीतरी मोजलं जातंय, आत्या. ते काय आहे यावर भांडू, पण हवेत हात मारत नाही आम्ही.

आत्या : बरं. मग बुद्धीची व्याख्याच मोठी करा. आमच्या प्रशिक्षणात गार्डनरच्या आठ बुद्धिमत्ता शिकवायचे, संगीताची वेगळी, शरीराची वेगळी. शेळ्यांचीही घाला एखादी.

भाची : तीच तर अडचण आहे. आम्ही व्यवहारातली समजही बघतो. व्हाइनलँडची मापनश्रेणी आहे, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती इकडच्या मुलांसाठी करून दिली. आईला विचारायचं, स्वतः जेवतो का, एकटा कुठवर जातो, सुट्टे पैसे कळतात का. या पोराचे तिथे चांगले गुण झाले. बाजारात जातो, बकरीचा भाव सांगतो.

आत्या : म्हणजे तो जितका हुशार ठरेल, तितकी मदत लांब?

भाची : हो. तू त्याचं कौतुक करतेस ना, ते कागदावर आलं की त्याच्याच मुळावर येतं. सगळीच मुलं आपापल्या परीनं हुशार असं ठरवलं, तर वाचता न येणाऱ्याला वेगळं शिकवायला शिक्षक मागायचा कुठल्या तोंडानं? अडाणी म्हणून शिक्का मारला तर तो मेला, आणि हुशार म्हणून शाबासकी दिली तरी तो मागच्या बाकावरच. आमच्या चाचणीचं मूळ ज्यानं रचलं, त्या बिनेपुढे नेमकं हेच कोडं होतं. 1904 मध्ये फ्रान्सच्या सरकारनं समिती नेमली, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची कशी म्हणून. बिने आणि सिमॉन यांनी 1905 ला चाचणी दिली. हेतू एवढाच की शिक्षकाच्या लहरीवर मूल वेगळं काढलं जाऊ नये, आणि काढलंच तर त्याला शिकवावं. बुद्धी म्हणजे जन्माला येतानाच ठरलेली ठरावीक रक्कम, हे म्हणणं त्याला साफ नामंजूर होतं. 1911 ला तो गेला. पुढच्याच वर्षी स्टर्ननं मघाचा तो भागाकार सुचवला, 1916 ला टर्मननं तो शंभरानं गुणून अमेरिकेत रूढ केला. त्या भागाकारात बिनेचा ‘पुढे काय करायचं’ हा प्रश्न गळून पडला.

आत्या : मग तोच प्रश्न धरून सांगते. पुढे काय करायचं? मदत द्यायची. तर 69 लिही. बिने वर बसून रागावणार नाही.

भाची : ते खोटं होईल.

आत्या : कशावरून? दोन उत्तरं तूच संशयाची म्हणालीस. बरं, चाचणी कधीची?

भाची : कामतांनी 1930 च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांवर बसवली. पुस्तक 1940 चं.

आत्या : नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना?

भाची : त्यावरही काम झालंय. जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की बऱ्याच देशांत चाचणीतली सरासरी दर दहा वर्षांनी तीनेक गुणांनी चढत गेली. म्हणजे जुन्या मापानं मोजलं तर आजचं मूल जास्त हुशार दिसतं.

आत्या : म्हणजे आजच्या मापानं हा 72 नाहीच! तुझंच शास्त्र त्याला सत्तरच्या खाली ढकलतंय आणि तू खोटं खोटं करून बसलीस?

भाची : आत्या, ती दुरुस्ती मला सगळ्यांना लावावी लागेल. काल एक आई आली होती, तिच्या मुलीला साध्या शाळेत ठेवायचं होतं. मुलीचे 73 आले, आई आनंदानं रडली. तिला मी सांगू का की जुनं माप आहे, खरं कमी असेल? कोणत्या आईला काय हवंय ते बघून माप बदलायचं, तर मग माझी चाचणी कशाला? आईलाच विचारावं.

आत्या : (थोडं थांबून) हे मात्र खरं. शाळेत आम्हीही पस्तीस करायचो कुणाकुणाला. कुणाला करायचे ते पोराच्या बापाकडे बघून ठरायचं.

भाची : आणखी एक सांगते, मला ते जास्त सलतं. मी गुपचूप 69 लिहिलं तर हे पोर सुटेल. पण सरकारी कागदावर सत्तरची रेषा अगदी बरोबर ठरेल. खाली असलेल्यांना मदत मिळाली, वर असलेल्यांना गरज नव्हती. रेषेच्या वर अडकलेली मुलं आहेत, हे कागदावर कधी येणारच नाही. माझ्या दयेनं नियमाचीच अब्रू राखली जाईल.

आत्या : आणि खरं लिहिलंस तर नियमाची अब्रू जाईल, पोराची मदतही जाईल. नियम बदलेपर्यंत त्याला मिशा फुटतील.

भाची : रेषा बदलतात गं. फ्लोरिडात फ्रेडी ली हॉल नावाच्या कैद्याला फाशी होती. बौद्धिक अक्षमता असलेल्याला अमेरिकेत फाशी देता येत नाही. त्याचा बुद्ध्यांक 71 आणि राज्याची रेषा सत्तरची. एका गुणानं राज्य पुढचा पुरावाच ऐकायला तयार नव्हतं. 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की चाचणीतच चार-पाच गुणांची कमीजास्त असते, ती न धरता एका आकड्यावर दार बंद करता येणार नाही. हे झालं, कारण कुणीतरी 71 हे 71 च लिहिलं होतं. त्याच्या दयेपोटी 69 लिहिलं असतं तर तो एकटा वाचला असता.

आत्या : वकील होते त्याला. या बाईला एसटीचं तिकीट काढून परत यायची पंचाईत. तुझा प्रामाणिकपणा तिच्या खर्चानं होतोय, एवढं ध्यानात ठेव.

भाची : ठेवलंय. म्हणून नुसतं 72 लिहून मोकळी होणार नाही. 67 ते 77 असा पल्ला लिहीन. माप जुनं आहे हे लिहीन. ती दोन उत्तरं त्याच्या शब्दांत उतरवीन, वाचणाऱ्याला ठरवू दे बरोबर की चूक. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्याच ओळीत लिहीन की या मुलाला वाचायला रोज वेगळं शिकवावं लागेल, नाहीतर तो शाळा सोडेल. हे सांगायला मला आकडा लागत नाही.

आत्या : वाचणारा साहेब थेट खालच्या आकड्यावर जाईल.

भाची : जाऊ दे. पण मदत नाकारली तर चाचणीनं नाकारली असं त्याला म्हणता येणार नाही. चाचणी म्हणते मदत हवी. नाकारतोय तो.

आत्या : मग तसा रकाना घाल अहवालात. “मदत नाकारण्याचं कारण”, आणि त्याखाली नाव, हुद्दा, सही.