धरलेले आणि दिलेले

रसायनशाळेत पहिल्या वर्षी मी पिपेटच्या टोकाशी अडकलेला शेवटचा थेंब फुंकून पाडत असे. काही वाया जाऊ नये, ही घरची शिकवण. टायट्रेशनचे उत्तर दर वेळी किंचित चढे यायचे आणि चूक सापडायची नाही. ती काचेवरच लिहिलेली होती. मी रेघ वाचत होतो, शेजारची अक्षरे नाही.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर ‘इन’ कोरलेले असते, पिपेटवर ‘एक्स’. फ्लास्कची रेघ सांगते आत किती मावले. पिपेटची सांगते बाहेर किती आले. आतल्या भिंतीला ओल राहणार, टोकाशी थेंब राहणार, हे धरूनच पिपेटची रेघ जरा वर आखतात. २५ मिली देण्यासाठी ती २५ मिलीहून थोडे जास्त घेते. उलट १०० मिलीचा फ्लास्क दुसऱ्या भांड्यात ओतला, तर तिथे पुरते १०० मिली भरत नाहीत.

आकड्याआधी मापाची रीत ठरावी लागते, हे जुन्या धान्यबाजाराला ठाऊक होते. शिगेची पायली वेगळी, सपाट पायली वेगळी; कोणती ते ठरल्याखेरीज ‘एक पायली’ या बोलीला अर्थ नव्हता. काचेच्या नळीत पाऱ्याला शीग चढते, पाण्याला मात्र खळगा पडतो. त्या खळग्याचा तळ रेघेला टेकवायचा, नजर रेघेच्या पातळीत ठेवून. ब्युरेटमध्ये परमँगनेटसारखे गडद द्रावण असेल तर तळ दिसत नाही. तिथे वरची कड वाचायची.

तापमानही मापाच्या या करारातच येते. आपल्याकडच्या काचेवर पुष्कळदा २७° से. असते, युरोपातल्या काचेवर २०°. या सात अंशांत लिटरभर पाणी सुमारे १.७ मिलीने फुगते; बोरोसिलिकेट काच त्या मानाने जेमतेम हलते. आणि ‘ए’ श्रेणीच्या २५ मिली पिपेटवर ±०.०३ मिली: बनवणाऱ्याने आपल्या हाताची मर्यादा आपणच कोरून ठेवलेली.

नुसता आकडा म्हणजे माप नव्हे. किती उबेला, किती चुकीसकट, धरलेले की दिलेले, हे सांगितले की आकड्याचे माप होते. काटकसर म्हणून थेंब फुंकताना मी कुणाचा तरी इमानाने मांडलेला हिशेब मोडत होतो.

आता पिपेटचे टोक भांड्याच्या कडेला टेकवून मी काही सेकंद थांबतो. थेंब टोकाशी राहतो. तो तिथेच राहावा म्हणून कुणीतरी रेघ वर सरकवलेली आहे.